कार्डाची मागची बाजू

जलालभाईंना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. एकोणतीस वर्षं मी त्यांच्या वाचनालयाचा सभासद होतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, टेबलाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते. तरी त्यांना चहात साखर किती लागायची हे मला सांगता येणार नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, तेही पोळ्याच्या आधीच्या सोमवारी, ते वारले त्या दिवशी.

हे लिहायला मी योग्य माणूस नाही. जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात गेला, अर्जापलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण गावात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते, तीही हसत आणि अर्धी: जलालभाईनं सगळं गाव मोबाइलवर टाकलं होतं. गोष्ट तेवढीच नाही. त्यातलं बरंचसं मला हट्टा गावच्या करुणाताईंनी सांगितलं, थोडं आमच्या घरातून कळलं, आणि जिथं कुणीच नव्हतं तिथलं मी अदमासानं भरलंय. चुकलं असेल तर माझं चुकलं.

आमच्या डोंगरकड्याच्या वाचनालयात जलालुद्दीन चोविसाव्या वर्षी खुर्चीवर बसले, ते अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिथंच होते. दोन खोल्या, वर पत्रे, सहा हजारांच्या आसपास पुस्तकं. वडील गाद्या शिवायचे. त्यांची दाभण जलालभाईंनी टेबलाच्या खणात ठेवली होती. पुस्तक सुटं झालं की तिनंच शिवायचे. ती शिवण पुस्तकाहून जास्त टिकायची.

सभासदांची कार्डं एका लाकडी पेटीत होती. कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव, पत्ता, पुस्तकाचा नंबर, तारीख. हे सगळ्याच वाचनालयांत असतं. जलालभाईंचं वेगळं होतं ते मागच्या बाजूला, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका माणसाला एक चांगली कादंबरी दिली होती. त्यात एक लेकरू विहिरीत पडून मरतं. त्या माणसाचं पोरगं तसंच गेलेलं, आणि जलालभाईंना ते मागाहून कळलं. माणूस पुस्तक परत द्यायला आला तेव्हा नुसतं टेबलावर ठेवून गेला. त्या दिवसापासून ते मागं लिहू लागले. "मुलगा गेला. मरणाचे पुस्तक देऊ नये." "चष्मा घेणे होत नाही, ठळक अक्षर द्यावे." "पुस्तक वडिलांच्या उशाशी होते, परत मागू नये." एकाच्या मागं लिहिलं होतं, "वाचत नाहीत. हातात पुस्तक असले की घरात कोणी भांडत नाही."

यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. आपण मागायच्या आत जलालभाई बरोबर पुस्तक काढतात एवढंच आम्हाला दिसायचं, आणि आम्हाला वाटायचं त्यांचं वाचन दांडगं आहे.

मग वाचनालयाची यादी ऑनलाइन करायची असं ठरलं. अध्यक्ष विश्वंभरराव म्हणाले, मार्च संपायच्या आत व्हायला पाहिजे, न्हाईतर दुसरा माणूस बघावा लागंल. हे त्यांनी हसून सांगितलं, पण जलालभाईंनी ते हसून घेतलं नाही.

हिंगोलीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. जलालभाई शेवटच्या रांगेत बसले. शेजारी हट्ट्याच्या वाचनालयातल्या करुणाताई होत्या, वय पंचेचाळीसच्या घरात, हाताला हळदीचा पिवळेपणा. माऊस टेबलाच्या कडेशी पोचला की जलालभाईंना पुढं काय करावं ते सुचेना, म्हणून ते टेबलच पुढं ढकलत होते.

"चाचा, टेबल काहून हलवून राहिले? माऊस उचला अन् मागं ठेवा."

"उचलला तर बंद नाही ना पडणार?"

"तो काय उंदीर हाय का, मरायला?"

त्या हसल्या तेव्हा तेही हसले. पण हात मात्र घामानं ओला होता, हे करुणाताईंना अजून आठवतं. पासवर्ड त्यांनी तळहातावर लिहिला, तो घामानं पुसला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून.

पुढचा महिनाभर करुणाताई रोज पाच वाजता फोनवर शिकवायच्या. जलालभाई वहीत पायऱ्या लिहून घ्यायचे: तीन रेघांवर बोट ठेवणे, खाली जाणे, निळे दिसेल ते दाबणे. एकच गोष्ट चारदा विचारायचे, आणि चौथ्यांदा विचारताना "आधी विचारलं होतं का मी?" हेही विचारायचे. त्यांच्या पत्नी मलिकाभाभी सांगतात, त्या दिवसांत ते जेवताना ताटाच्या कडेला बोट घासायचे, पान सरकवल्यासारखं.

"कार्डावर जे हाय ते सगळं भरायचं," करुणाताईंनी बजावलं होतं. "काही सोडायचं न्हाई."

करुणाताईंना कार्डाची मागची बाजू माहीत नव्हती. आणि जलालभाई सांगितलेलं मोडणारे नव्हते. त्यांनी खूप विचार केला असणार. पेटी जुनी झाली होती, तिला वाळवी लागू पाहत होती, आणि विश्वंभरराव म्हणत होते की आता पेटी काढा, तिथं संगणकाचं टेबल ठेवू. चौतीस वर्षांचं लिहिलेलं कुठंतरी राहायला हवं होतं. ऑनलाइन शीटच्या तळाला छोट्या पट्ट्या असतात; एकीवर बोट ठेवलं की एक पान उघडतं, दुसरीवर ठेवलं की दुसरं. जलालभाईंना ते फार आवडलं. पहिल्या पट्टीला त्यांनी नाव दिलं 'पुढची बाजू', दुसरीला 'मागची बाजू'. कार्ड टेबलावर ठेवलं की पुढचं दिसतं, मागचं ज्याच्या हातात कार्ड त्यालाच दिसतं. तसंच हेही असणार, असं ते धरून चालले. हे त्यांनी करुणाताईंना विचारलं नाही. एवढी एक गोष्ट आपल्याला न विचारता जमली, याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी साडेअकराला, त्यांनी विश्वंभररावांना लिंक पाठवली. अध्यक्षांनी ती लगेच गावाच्या ग्रुपवर टाकली: 'आपलं वाचनालय ऑनलाइन! जलालभाईंचं अभिनंदन.' टाळ्यांची चित्रं येऊ लागली. पंधरा मिनिटं जलालभाई ती मोजत बसले. मग लोकांना कसं दिसतं ते बघावं म्हणून त्यांनी ग्रुपवरचीच लिंक उघडली.

तळाला दोन्ही पट्ट्या होत्या. दुसरीवर त्यांनी बोट ठेवलं आणि गावाची मागची बाजू उघडली.

त्यांना पहिलं नाव आठवलं ते मालनबाईंचं.

मालनबाई महिला गटाच्या अध्यक्ष. आमच्या घरातली, म्हणजे माझी बायको रुख्मिणीबाईही, त्याच गटात आहे. तालुक्याहून काही पत्र आलं की मालनबाई बैठकीत उभ्या राहून ते खणखणीत वाचायच्या. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बायका त्यांचा दाखला देऊन आपल्या पोरींना दटावायच्या. खरी गोष्ट अशी की मालनबाईंना वाचता येत नव्हतं. पत्र आलं की दुपारी बाराला, वाचनालय रिकामं असताना, त्या यायच्या. जलालभाई दोनदा वाचून दाखवायचे. त्या ते पाठ करायच्या आणि कागद समोर धरून बैठकीत म्हणायच्या. अकरा वर्षं हे चाललं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी पहिलीचं पुस्तक मागितलं, मग दुसरीचं. दुपारी मागच्या खोलीत बसून त्या अक्षरं लावायच्या. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

कार्डामागं लिहिलेलं होतं, "पत्र दोनदा वाचून दाखवणे. पाठ करतात. कोणास सांगू नये." आणि त्याखाली, "स्वतः वाचू लागल्या. जोडाक्षरे अडतात."

गटाची नवी अध्यक्ष येत्या रविवारी निवडायची होती.

पानाच्या वरच्या अंगाला रंगीत गोल दिसत होते, त्यात जनावरांची चित्रं. करुणाताईंनी एकदा सांगितलं होतं, कुणी नाव न सांगता पान बघत असलं की त्याच्या जागी जनावर दिसतं. एक लांडगा होता, एक बदक, एक कासव. गावातलंच कुणीतरी लांडगा होऊन बसलेलं, आणि आपल्याला ते कोण हे कळू नये! जलालभाईंनी ग्रुपमधली दीडशे नावं वरून खाली पाहिली. प्रत्येकजण त्यांना लांडगा वाटू लागला.

त्यांनी विश्वंभररावांना फोन लावला. ते नांदेडला लग्नात होते, मागं बँड वाजत होता. "झकास झालंय भाई, झकास!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. करुणाताईंना लावला, त्यांनी उचलला नाही. हळद शिजवायचे दिवस, त्या शेतात असणार आणि फोन घरात. मग ते पान पुसायचा प्रयत्न केला, तर पुढच्या बाजूची पहिली ओळच उडाली. आता आणखी काही दाबायची हिंमत होईना.

तेव्हा त्यांनी जे केलं ते ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही. त्यांनी वाचनालयाचं दार ओढून घेतलं आणि मोबाइल बंद केला. चौतीस वर्षं वाचनालयाची किल्ली एकाच माणसाकडे होती. त्यानं बंद केलं की बंद. मोबाइल बंद तर पानही बंद, असं त्यांना वाटलं. वीस मिनिटं ते तसे बसले. चालू केला तेव्हा करुणाताईंचा फोन येऊन गेल्याचा मेसेज दिसला, पण त्या पुन्हा शेतात गेल्या असाव्यात, कितीही लावला तरी उचलेनात; आणि कासव, बदक, लांडगा तिथंच होते. शिवाय एक हरण आलं होतं.

ते उठले आणि हट्ट्याला जाऊन करुणाताईंनाच गाठावं म्हणून सरळ स्टँडवर गेले. घर वाटेतच आहे. मलिकाभाभी दारातून म्हणाल्या, "रोटी तो खा के जाओ." ते थांबले नाहीत.

वसमतची बस तासभर घेते. त्या रस्त्यावर मी अकरा वर्षं ड्यूटी केली आहे. कुठं रेंज जाते ते मला ठाऊक आहे. रेंज गेली की त्यांना पान दिसायचं बंद होत असणार, आणि ते बंद झालं म्हणून क्षणभर जीव भांड्यात पडत असणार, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. कंडक्टरनं विचारलं, "कुठलं देऊ, चाचा?" तर म्हणाले, "हट्टा." ही बस हट्ट्याला जात नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग जिथं जाते तिथलं द्या." हे त्या कंडक्टरनंच मला सांगितलं, माझ्या हाताखाली शिकलेला आहे तो.

खिडकीतून हळदीच्या वाफेचा वास येत होता. जागोजाग कढया चढलेल्या. गटातल्या बायका कामावर असतील, कुणी मोबाइल बघणार नाही, असं ते मनाशी म्हणत असतील. आणि मग दुपारची जेवणाची सुट्टी आठवत असेल.

वसमतच्या स्टँडवर उतरताच करुणाताईंचा फोन आला.

"चाचा, काय झालं? नऊ फोन तुमचे!"

"बेटी, मागची बाजू उघडी राहिली."

"कशाची? दाराची?"

त्यांनी सांगितलं. करुणाताई म्हणाल्या, "घाबरू नका. मी सांगते तसं करा. वर माणसाचं चित्र हाय, त्याला दाबा."

"दाबलं."

"आता खाली लिहिलंय ना, लिंक असलेला कुणीही, त्याला दाबा. दुसरं नाव येईल, फक्त तुमचं. ते निवडा."

शेजारी परभणीची बस लागली होती, माणसं धक्के देत होती. चष्मा डोक्यावर होता आणि ते तो खिशात शोधत होते. तीनदा चुकलं. चौथ्यांदा जमलं. लांडगा गेला, बदक गेलं, हरण गेलं.

"कासव गेलं नाही, बेटी."

"जाईल. थांबा जरा."

बऱ्याच वेळानं कासवही गेलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"एवढं काय होतं हो त्यात?" करुणाताईंनी विचारलं.

"लोकांचं होतं. माझं असतं तर चाललं असतं," जलालभाई म्हणाले, आणि परतीच्या बसला जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी बाराला मालनबाई आल्या नाहीत. पाच वाजता आल्या, वाचनालय भरलेलं असताना. मी होतो तिथं, वर्तमानपत्राच्या मागं.

"जय भीम, जलालभाऊ."

"जय भीम, मालनताई. बसा."

"बसाया न्हाई आले. काल तुमचं ते पान वाचलं."

जलालभाई उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडून निसटलं, "कुणी वाचून दाखवलं?"

हे बोलायला नको होतं. त्यांच्याही ते लगेच लक्षात आलं असणार.

"दुसरं कोण वाचून दावंन?" मालनबाईंचा आवाज चढला. "म्याच वाचलं. तुमचं अक्षर असतं तर लवकर झालं असतं. ते कॉम्प्युटरचं अक्षर डोळ्याला बसंना. वरून एक एक नाव लावत आले. दीड तास माझ्या नावापातुर यायला, अन् पुढं त्या वळींला आणखी येळ."

कुणी पान उलटत नव्हतं.

"कोणास सांगू नये, असं लिवलं. अन् साऱ्या गावाला सांगितलं?"

"चूक झाली, ताई."

"माझ्या मालकाला म्या न्हाई सांगितलं. तुमाला सांगितलं होतं. काहून लिवलं तुमी ते?"

"विसरू नये म्हणून."

"अकरा वर्सं झाली, कवा विसरले का?"

जलालभाई पेटीवर हात ठेवून उभे होते. मालनबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, "जोडाक्षरं अडतात म्हनून लिवलंय, ते आता खरं न्हाई." आणि पुस्तक न घेता गेल्या.

रविवारच्या बैठकीचं रुख्मिणीबाईनं घरी येऊन सांगितलं. शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या, कुणी सरळ काही बोलेना. शेवटी एकीनं टोमणा मारलाच: "अध्यक्षबाई, आजचं पाठ झालं का?" दोघीचौघी हसल्या. मालनबाईंनी पिशवीतून तालुक्याचं पाकीट काढलं. चिकटवलेलं होतं, तसंच सगळ्यांसमोर फिरवलं आणि फाडलं.

"एका कागदाला अर्धा तास," रुख्मिणीबाई म्हणाली. "दोनदा घाम पुसला. 'प्रशिक्षणार्थी'वर अडली. एकजण सांगाया गेली तर म्हनली, गप बस, माझं मला काढू दे. आमी बसून राहिलो. काय करता? काढलाच तिनं."

"मग अध्यक्ष कोण झालं?"

"दुसऱ्या कुणाचं नावच कुणी घेतलं न्हाई."

दोन बायकांनी मात्र गट सोडला. इतकी वर्षं आम्हाला खोटं वाचून दाखवलं, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही काही खोटं नाही.

हे सगळं जलालभाईंच्या कानावर गेलं, पण त्यांना काही स्वस्थता आली नाही. मागच्या बाजूचं पान त्यांनी करुणाताईंकडून कायमचं पुसून घेतलं. तरी टेबलावर फोन वाजला की ते दचकायचे. बसल्या बसल्या मधेच उठून दार बघून यायचे. मग एका सकाळी त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, आणि जो येईल त्याला त्याचं कार्ड द्यायला लागले.

"हे तुमचं. घरी न्या. मागं काय लिहिलंय ते वाचा, फाडायचं तर फाडा."

वसरामनं आपलं कार्ड तिथंच उलटून वाचलं. वाचत नाहीत, घरातलं भांडण टळतं म्हणून पुस्तक नेतात, असं ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो हाच. तो एवढा मोठ्यानं हसला की बाहेरचं कुत्रं उठलं. "बराबर लिवलंय, भाई. बायकोला नका दावू." काहीजण मात्र कार्ड घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. ज्याचं पोरगं गेलं होतं तो म्हातारा कार्ड घेऊन ओट्यावर बराच वेळ बसला, आणि जाताना जलालभाईंच्या खांद्याला हात लावून गेला.

मालनबाई महिन्याभरानं आल्या, पुन्हा दुपारी बाराला. त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली, कार्डामागच्या सगळ्या ओळींवर काट मारली आणि कार्ड परत दिलं. "मला घरी नको. ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ," म्हणाल्या, आणि तिसरीचं पुस्तक मागितलं. हे जलालभाईंनी करुणाताईंना फोनवर सांगितलं, आणि लगेच विचारलं, "हा फोन दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही ना?"

माझं कार्ड मी आणलं नाही. रोज आणायचं ठरवायचो. त्या गुरुवारी रुख्मिणीबाईनं ते पान उघडलं होतं. "तुमचं बी होतं कायतरी," असं ती एकदा म्हणाली, "पण म्या खाली गेले, मालनचं बघाया." मी पुढं विचारलं नाही. एकोणतीस वर्षं टेबलापलीकडून त्यांनी मला काय म्हणून पाहिलं असेल, याची मला भीती होती. काहीच लिहिलं नसेल, याचीही होती.

श्रावणात, पोळ्याच्या आधीच्या शनिवारी मी पुस्तक बदलायला गेलो. पेटी जवळजवळ रिकामी झाली होती. जलालभाई संगणकावर माझ्या पुस्तकाचा नंबर भरत होते, एका बोटानं, पण न चाचरता. भरून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"कंडक्टरसाहेब, तुमचं कार्ड राहिलंय. कधी नेता?"

"नेतो की. सोमवारी येतो."

"सोमवारी सुट्टी असते."

"मग मंगळवारी."

"या मंगळवारी. काढून ठेवतो."